नवऱ्याला एक माप, बायकोला दुसरं?

अकोल्यात ख्रिस्ती घरात लग्न निघालं की तारखेबरोबर वेळही बघावी लागते. ती मुहूर्तासाठी नव्हे, कायद्यासाठी. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नविधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच उरकावा लागतो. खास परवाना असला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कोट घातलेला नवरदेव घाम पुसत चर्चच्या पायऱ्या चढताना दिसतो. बाकी लग्न पुष्कळसं इथल्या मातीतलंच. बऱ्याच घरांत आदल्या दिवशी हळद लागते. नवरी पांढरी साडी नेसते, अंगठीबरोबर मंगळसूत्रही घातलं जातं आणि त्यात छोटासा क्रॉस असतो.

विधीमध्ये एक जागा अशी येते की सगळं चर्च कान टवकारतं. पाळक नवरीला विचारतात, या पुरुषाचा तू नवरा म्हणून स्वीकार करतेस का? नवरी लाजून मान हलवते. पाळक थांबून राहतात. मान हलवून भागत नाही, तोंडाने म्हणावं लागतं. मागच्या बाकावरची एखादी आत्या मग कुजबुजते, "बोल ना वं बाई, लाजतं काय!"

हा प्रश्न निव्वळ उपचाराचा नाही. बाराव्या शतकात युरोपातल्या चर्चमध्ये यावर मोठा वाद झाला होता. लग्न कशाने लागतं? बापाने मुलगी दिल्याने, शरीरसंबंधाने की दोघांच्या होकाराने? शेवटी चर्चने होकाराच्या बाजूने कौल दिला. मुलीचा होकार नसेल, किंवा तो धाकाने काढलेला असेल, तर वरून कितीही थाट केला तरी ते लग्न लागलेलंच नसतं, हा कॅथलिक धर्मनियम आजही कायम आहे. १८७२ च्या कायद्यानेही 'नेटिव्ह' ख्रिस्ती लोकांच्या लग्नासाठी दोन साक्षीदारांसमोर वधू-वरांनी एकमेकांना स्वीकाराचे शब्द बोलून दाखवण्याची अट घातली. मूळ कायद्यात मुलीचं वय १३ च्या पुढे आणि मुलाचं १६ च्या पुढे हवं होतं. आज हे आकडे वाचून आपण दचकतो. पण बाकीच्या हिंदुस्थानात संमतिवय १० वरून १२ वर न्यायला १८९१ साल उजाडलं आणि त्या २ वर्षांसाठी अख्खा महाराष्ट्र भांडला. (आता ख्रिस्ती लग्नालाही १८ आणि २१ ही सर्वांचीच वयं लागू आहेत.)

ख्रिस्ती लैंगिक नीती म्हटलं की बाहेरच्या माणसाला मनाईंची यादी आठवते: लग्नाआधी संबंध नाही, लग्नाबाहेर नाही, घटस्फोट नाही. यादी खोटी नाही, पण तिचा कणा दुसरा आहे. इ.स. ५५ च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल याने करिंथ या बंदराच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. पत्नीच्या देहावर पतीचा हक्क आहे, असं तो त्यात म्हणतो. त्या काळी हे कुणीही म्हणालं असतं. लगेच पुढे तो पतीच्या देहावरही पत्नीचा तितकाच हक्क सांगतो, आणि त्या काळी हे म्हणणारा विरळा. तेव्हाच्या रोमन कायद्यात व्यभिचाराचा गुन्हा ठरायचा तो विवाहित बाईच्या संदर्भात. नवरा दासीकडे गेला काय किंवा वेश्येकडे गेला काय, कायद्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अशा जगात दोघांना एकाच पायलीने मोजणारी शिकवण आली. येशूची व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट तर ख्रिस्तीतरांनाही पाठ आहे. त्या गोष्टीत धरलेला पुरुष कुठे गेला, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. मोशेच्या नियमात शिक्षा दोघांनाही होती. गर्दीने आणली एकटी बाई.

माप एक असावं ही शिकवण आणि प्रत्यक्षात वापरली गेलेली दोन मापं, यांची झटापट वऱ्हाडच्या ख्रिस्ती इतिहासात चांगली दिसते.

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या २०-२५ वर्षांत अमेरिकन मिशनऱ्यांची वर्दळ वाढली. अचलपूरला, तेव्हाच्या एलिचपूरला, आल्बर्ट नॉर्टन होते. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात पुढे 'अलायन्स मिशन'ने पाय रोवले, आणि जुनी माणसं आजही त्या चर्चचा उल्लेख याच नावाने करतात. दुष्काळांत पोरकी झालेली मुलं अकोल्याच्या अनाथालयात आणि मुली खामगावच्या अनाथालयात वाढल्या. या मिशनमधल्या जेनी फुलर यांनी १९०० साली हिंदी स्त्रियांवरच्या अन्यायांविषयी इंग्रजीत एक पुस्तक छापलं. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. बालवधू, विधवा, देवदासी, खंडोबाला सोडलेल्या मुरळ्या असे त्यातले विषय. पुस्तकाचा सूर मिशनरी आहे, आपल्या धर्माकडे झुकतं माप टाकणारा आहे, आणि आज वाचताना तो अनेकदा खटकतो. पण बाईच्या देहाचे व्यवहार तिला न विचारता होतात, ही त्यातली तक्रार खरी होती. फुले, आगरकर, रमाबाई यांनी आपापल्या वाटेने तीच तक्रार मांडली होती.

फुलरबाईंचं चरित्र लिहिणाऱ्या हेलन डायर यांचे पती आल्फ्रेड डायर मुंबईत 'बॉम्बे गार्डियन' चालवत. त्यांचा लढा स्वतःच्याच सरकारशी होता. इंग्रज लष्कराच्या छावण्यांत गोऱ्या शिपायांसाठी वेश्यावस्ती ठेवली जाई. तिथल्या बायकांची नोंदणी होई, सक्तीने तपासणी होई आणि आजार निघाला की त्यांना इस्पितळात कोंडलं जाई. शिपाई मोकळा. आजार पसरवायला दोघं आणि तपासायला एकटी बाई, या व्यवस्थेवर इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी रान उठवलं होतं. डायर तोच मुद्दा घेऊन हिंदुस्थानात आले. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की धर्मांतर आठवतं. छावणीच्या कारभारावर सरकारला धारेवर धरणारे मिशनरी फारसे कुणाच्या लक्षात नाहीत.

आता याची दुसरी बाजू. रखमाबाईंचा खटला मराठी वाचकाला माहीत आहे. लहानपणी लावलेलं लग्न, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला दिलेला नकार, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल, आणि मग १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा, असा उलटा हुकूम. नवऱ्याने दावा लावला होता तो दांपत्यहक्काच्या पुनःस्थापनेचा. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता, आणि पिन्हे यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. म्हणजे ज्या परंपरेने होकाराशिवाय लग्न नाही असं ठरवलं, तिच्याच न्यायालयांनी एकदा लग्न लागलं की बाईला ओढून घरी आणायचं हत्यारही घडवलं. इंग्लंडने त्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती आणि १९७० मध्ये हा दावाच मोडीत काढला. आपल्याकडे तो ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कलम ३२ म्हणून शिल्लक आहे, आणि हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणूनही.

त्याच सुमाराचा आणखी एक कायदा १८६६ चा, धर्मांतर करणाऱ्यांच्या विवाहविच्छेदाचा. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायकोने त्या कारणावरून ६ महिने त्याला टाकलं, तर त्याने कोर्टात जावं. कोर्टाने तिला विचारावं, वर्षभर थांबावं, आणि तरीही ती आली नाही तर लग्न मोडून द्यावं. बायको ख्रिस्ती झाली तरी नियम हाच. मागे पौलाचा सल्ला होता: विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका, जाणारच असेल तर जाऊ द्या. महाराष्ट्रातलं एक नामांकित जोडपं नेमकं या परिस्थितीत सापडलं. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. कायद्याने टिळकांना वाट होती, पण ते कोर्टाची पायरी चढले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हाही त्यांचं सोवळंओवळं त्यांच्यापाशी राहिलं. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० साली, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेवर. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपल्याला त्यांचा विनोद आठवतो. मला वाटतं, विवाहातल्या संमतीवर मराठीत याहून चांगलं पुस्तक नाही. टिळक तापट, लहरी, संसारात बेभरवशाचे. पण बायकोच्या श्रद्धेवर हक्क सांगायचा नाही, एवढं त्यांना कळलेलं होतं.

सगळ्यांच्या नशिबी टिळक नव्हते. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती बायकांना कसं मोजलं ते पाहा. नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की झालं. बायकोला हवा असेल तर नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याबरोबर छळ दाखवा, नाहीतर २ वर्षं टाकून दिल्याचं दाखवा, किंवा दुसरं लग्न तरी दाखवा. नवरा मारतो पण बाहेर जात नाही? मग फार तर वेगळं राहायची परवानगी मिळे, सुटका नाही. वर आणखी एक तऱ्हा अशी की नवऱ्याला बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागता येई. आणि जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी शिक्कामोर्तब केल्याशिवाय तो पक्का होत नसे. अकोल्याच्या बाईने अकोल्यात खटला जिंकायचा आणि शिक्क्यासाठी नागपूरच्या खंडपीठाकडे डोळे लावून बसायचं.

हा भेद पवित्र शास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून उचललेला होता. खुद्द इंग्लंडने तो १९२३ मध्ये टाकून दिला. आपल्याकडे आधी केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मग १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात त्यावर कुऱ्हाड चालवली. नुसता छळ किंवा नुसतं टाकून देणं हेही ख्रिस्ती बाईला घटस्फोटासाठी पुरेसं कारण ठरलं. संसदेने २००१ मध्ये कायदाच दुरुस्त केला: नवरा-बायको दोघांना सारखी कारणं, परस्परसंमतीची सोय, नुकसानभरपाईचं कलम रद्द, उच्च न्यायालयाच्या शिक्क्याची गरज संपली. इंग्लंडनंतर ७८ वर्षांनी. त्या ७८ वर्षांत किती जणींनी मार खाल्ला असेल, याचा हिशेब कुठल्याही चर्चच्या वहीत नाही.

संततिनियमनाच्या बाबतीतही चर्च एका सुरात बोललेलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं, तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज स्कॉटिश मिशनचं. १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली आणि १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. गंमत अशी की जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९२० मध्ये कृत्रिम संततिनियमनाला विरोध केला होता आणि १९३० मध्ये तिनेच अटी घालून दार किलकिलं केलं. पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी हा निर्णय नवरा-बायकोवर सोडला. कॅथलिक चर्च मात्र अडून राहिलं. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये गोळ्या आणि इतर साधनांना नकार कायम ठेवला आणि फक्त मासिक पाळीच्या दिवसांवर आधारलेली नैसर्गिक पद्धत मान्य केली. कॅथलिक भूमिका अशी की, शरीरसंबंधात प्रेम आणि अपत्याची शक्यता ही दोन्ही अंगं जोडलेली आहेत, ती हाताने तोडू नयेत. पाळीचे दिवस मोजायचे तर नवऱ्यानेही धीर धरायला हवा, आणि त्यातून एकमेकांचा आदर वाढतो, असं समर्थन दिलं जातं. मला ते अर्धं पटतं. ज्या घरात नवरा दारू पिऊन येतो आणि बायकोला नाही म्हणायची सोय नसते, तिथे ही पद्धत कागदावरच राहते.

आज अमरावतीत काय चालतं? अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ चा. इतर सगळ्या कॅथलिक धर्मप्रांतांप्रमाणे इथेही लग्नाआधी तयारीचा वर्ग आणि चौकशी असते. चौकशीत फादर दोघांना वेगवेगळं बसवतात. मुलगी आत असताना मुलगा आणि दोन्हीकडचे आईबाप बाहेर. प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरं शपथेवर द्यायची असतात. कुणाच्या दबावाखाली लग्न करतेस का? आधी कुठे लग्न झालंय का? मूल हवं आहे का? काही लपवलंय का? उत्तरं कागदावर उतरतात आणि खाली सही होते. दोन मिनिटांचं काम वाटतं, पण ज्या समाजात मुलीला एकटीला गाठून 'तुला हा पोरगा खरंच पसंत आहे का' असं विचारणारं कुणी नसतं, तिथे ही बंद दाराआडची दोन मिनिटं मोलाची असतात. पुढेमागे लग्न रद्दबातल ठरवायची वेळ आली तर चर्चचं न्यायमंडळ हाच कागद बाहेर काढतं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकावर बरंच अवलंबून असतं. काही जण नवऱ्या मुलामुलीला चार-पाच वेळा बोलावून पैसा, सासर, दारू आणि शरीरसंबंध यांवर मोकळेपणी बोलतात. काही जण एक प्रार्थना म्हणून मोकळे होतात. लग्नातला ठरलेला उतारा म्हणजे पौलाचं इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. वाचन बहुधा बाविसाव्या वचनापासून सुरू होतं, जिथे पत्नींना पतीच्या अधीन राहायला सांगितलंय. त्याच्या आधीचं एकविसावं वचन दोघांनाही एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं आणि ते वरच राहून जातं. पुढे नवऱ्यांसाठीचा मजकूर तर बायकांच्या मजकुराहून कितीतरी लांब आहे: बायकोवर स्वतःच्या शरीराइतकी प्रीती करा, तिच्यासाठी स्वतःला द्या. एका वचनाच्या फरकाने प्रवचनाचा नूर पालटतो. एखाद्या बाईने मार खाऊन पाळकांचं दार ठोठावलं की तिला बाविसावं वचन ऐकवायचं की एकविसावं, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. अशा वेळी 'प्रार्थना कर, सहन कर' हा सल्ला अजून दिला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की हिंसा असेल तिथे वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरतं. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यासाठी पाळकांच्या चिठ्ठीची गरज नाही.

मंडळीची शिस्त हाही दोन मापांचाच प्रांत. तरुण जोडीचा लग्नाआधी संबंध आला आणि बोभाटा झाला, तर प्रभुभोजन बंद करण्याची रीत पुष्कळ मंडळ्यांत आहे. नियम दोघांनाही सारखा. पण दिवस मुलीला जातात. तिचं पोट दिसतं. मुलगा पुण्याला नोकरीला निघून जातो, आणि पंचकमिटीसमोर बसते ती मुलगी आणि तिची आई, "लोकं काय म्हनतीन" या एकाच काळजीने खचलेली. शिकवणीत यासाठी पश्चात्ताप आणि क्षमा असे दोन शब्द आहेत, आणि ते त्या मुलालाही लागू होतात. त्याला शोधून आणायची तसदी कोण घेतो, तो प्रश्न वेगळा.

समलिंगी व्यक्तींबद्दल चर्चमध्ये आज उघड मतभेद आहेत. कॅथलिक शिकवण म्हणते की कल हा पाप नाही, अशा माणसाशी भेदभाव करू नये. पण संबंध मान्य नाही आणि विवाह स्त्री-पुरुषाचाच. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना विधीबाहेर साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली आणि त्यावरही जगभर खडाजंगी झाली. नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने या विषयावर चर्चा घडवून आणल्या आहेत. गावपातळीवरच्या मंडळ्यांत मात्र विषय निघाला की खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो.

लग्न मोडायची पाळी आलेल्या जोडप्यांचा एक घोटाळा मात्र सांगायलाच हवा. चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्दबातल ठरवलं म्हणजे सुटलो, असं अनेकांना वाटतं आणि काही जण त्या कागदावर दुसरं लग्नही करून बसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितलं आहे की हा कागद चर्चपुरता. कायद्याने लग्न मोडायचं तर न्यायालयातच जावं लागतं, नाहीतर दुसरं लग्न द्विभार्येचा गुन्हा ठरू शकतं. उलट कॅथलिक माणसाला नुसता कोर्टाचा घटस्फोट घेऊन चर्चमध्ये पुन्हा लग्न करता येत नाही. दोन्ही दारं वेगवेगळी ठोठावावी लागतात. कुटुंब न्यायालय आता अकोल्यातही आहे आणि अमरावतीतही. फक्त परस्परसंमतीने वेगळं व्हायचं तर ख्रिस्ती जोडप्याला घटस्फोट कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे आधी २ वर्षं वेगळं राहावं लागतं, शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध जोडप्याला १ वर्ष. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मुदत १ वर्षावर आणली आणि २०२२ मध्ये तीही अट घटनाबाह्य ठरवली. छापील कायद्यात मात्र २ वर्षं तशीच आहेत, त्यामुळे वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारावा.